वसुलीला वारस सापडतात, ठेवीला सापडत नाहीत

पतसंस्थेचा कर्जदार गेला तर त्याचे वारस कोण, हे शोधायला संस्थेला न्यायालयाची गरज पडत नाही. थकबाकीची नोटीस निघते तेव्हा तिच्यावर पत्नीचे नाव असते, दोन्ही मुलांची असतात, लग्न होऊन नाशिकला गेलेल्या मुलीचे सासरचे नावही पत्त्यासकट असते. वसुली अधिकाऱ्याने ही माहिती कुठून काढली, असे कोणी विचारत नाही. आता याच माणसाची याच संस्थेत लाख-दीड लाखाची ठेव असेल आणि तीच पत्नी, तीच मुले पावती घेऊन काउंटरवर उभी राहिली, की संस्थेला एकाएकी काहीच माहीत नसते. ‘तुम्हीच वारस कशावरून? सक्सेशन आणा.’ म्हणजे न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र.

मृत सभासदाची ठेव किती दिवसांत, कोणत्या कागदांवर आणि कोणाला द्यायची, याचा एकच नियम राज्यातल्या सगळ्या पतसंस्थांना लावावा आणि उशीर झाला तर त्याचे व्याज संस्थेने भरावे, असे माझे मत आहे. यात क्रांतिकारक काही नाही. बँकांना हा नियम लागूही झाला आहे. पतसंस्था मात्र त्यातून सुटल्या आहेत, आणि पुण्यासारख्या शहरात, जिथे प्रत्येक उपनगराच्या मुख्य रस्त्यावर दोन-तीन पतसंस्थांच्या पाट्या दिसतात, तिथे हे सुटणे हजारो घरांना महागात पडते.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत नवे निर्देश काढले. व्यापारी आणि सहकारी अशा दोन्ही बँकांसाठी ३१ मार्च २०२६ ही अंमलबजावणीची शेवटची तारीख ठरली. नॉमिनी असेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचे ओळखपत्र एवढ्यावर पैसे द्यायचे. रक्कम कितीही असो, सक्सेशन मागायचे नाही. नॉमिनी नसेल तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे: वारसांचे हमीपत्र, बाकीच्या वारसांचे ना-हरकत पत्र, आणि वारसाचा दाखला नसेल तर कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थाचे निवेदन. सगळे कागद आल्यापासून १५ दिवसांत निकाल. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या वर चार टक्के व्याज, तेही बँकेच्या खिशातून.

रस्ता ओलांडला की हे सगळे संपते. पतसंस्था ही बँक नव्हे. नावात ‘बँक’ शब्द वापरायचीही तिला मुभा नाही. ती चालते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली, आणि तिच्यावर देखरेख असते सहकार खात्याची. बँकेतल्या ठेवीला असलेले ५ लाखांचे विमा संरक्षणही तिथे नाही. हा फरक पैसे ठेवताना किती जणांच्या लक्षात असतो? लोक सर्रास ‘आमच्या बँकेत’ असेच म्हणतात. काउंटर तसाच, पासबुक तसेच, आणि ज्येष्ठांना अर्धा टक्का व्याज जास्त. फरक कळतो तो माणूस गेल्यावर, आणि तो कळतो त्याच्या बायकोला.

माझी मावशी धायरीला राहते. काकांचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप होते. जवळच्याच एका पतसंस्थेत त्यांच्या तीन मुदत ठेवी, थोडे शेअर्स आणि पिग्मीचे खाते. नॉमिनी म्हणून नाव होते काकांच्या आईचे, कारण खाते उघडले तेव्हा त्यांचे लग्न व्हायचे होते, आणि आजी जाऊनही बरीच वर्षे झालेली. काकांच्या दशक्रियेला संस्थेचे एक संचालक आले होते. पुणे जिल्ह्याच्या रिवाजाप्रमाणे माईकवर श्रद्धांजलीची भाषणे झाली. या गृहस्थांनी काकांची सचोटी सांगितली, ‘त्यांच्या मागे पत्नी, दोन मुले, एक मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे’ हेही सांगितले. पुढच्या महिन्यात मावशी संस्थेत गेली, तर तिला सांगण्यात आले की कायदेशीर वारस कोण हे संस्था ठरवू शकत नाही, न्यायालयातून प्रमाणपत्र आणावे लागेल. संचालकाने माईकवरून वाचलेली वारसांची यादी संस्थेच्या दप्तरात पोचलीच नव्हती.

गंमत अशी की कायदा नेमके उलट सांगतो. १९६० च्या अधिनियमाचे कलम ३० हे मृत सभासदाबद्दलच आहे. नामनिर्देशन असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर समितीला जो वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी वाटेल त्याच्याकडे हिस्सा हस्तांतरित करायचा, असे ते म्हणते. म्हणजे वारस ठरवण्याचा अधिकार संचालक मंडळाला आहे, कायद्यानेच दिलेला आहे. त्याच कलमाचे तिसरे पोटकलम संस्थेकडून मृताला येणे असलेली इतर रक्कमही याच व्यक्तीला देण्याची मुभा देते. आणि चौथे पोटकलम तर संस्थेसाठी ढालच आहे: या कलमाप्रमाणे रीतसर दिलेले पैसे वैध, नंतर तिसरा कोणी हक्क सांगत आला तरी संस्थेवर त्याचा दावा चालत नाही. त्याने पैसे ज्याला मिळाले त्याच्याशी भांडावे.

आता सक्सेशन सर्टिफिकेट कशासाठी असते ते पाहू. भारतीय वारसा अधिनियम १९२५ खाली दिवाणी न्यायालय ते देते. त्याने मालकी ठरत नाही. मृताचे पैसे देणे असलेल्याने प्रमाणपत्रधारकाला सद्भावनेने पैसे दिले, तर देणारा मोकळा होतो, हा त्याचा मुख्य उपयोग. म्हणजे देणाऱ्याच्या संरक्षणासाठी काढलेला कागद. तेच संरक्षण सहकार कायद्याने पतसंस्थेला फुकट दिले आहे. तरी संस्था म्हणते, आम्हाला दुसरेही हवे, आणि त्याचा खर्च विधवेने करावा. वकिलाची फी, न्यायालयाचे शुल्क, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, मग तारखा, आणि मध्येच उन्हाळ्याची सुट्टी. ऐंशी हजारांच्या ठेवीसाठी शिवाजीनगर न्यायालयाच्या फेऱ्या मारणे परवडत नाही, हे काउंटरमागच्या माणसालाही ठाऊक असते. शिवाय कुठे ‘सक्सेशन’ मागतात, कुठे ‘हेअरशिप’, कुठे ‘तहसीलदारांचा वारस दाखला चालेल’. हेअरशिप सर्टिफिकेट अजूनही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळते. पेशवाई जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. यातले कोणते आणायचे, याचा पत्ता बऱ्याचदा मागणाऱ्यालाही नसतो.

मग संस्था असे का वागतात? सगळ्या लबाड आहेत म्हणून, असे मी म्हणणार नाही. छोट्या पतसंस्थेत एक व्यवस्थापक, दोन लिपिक, एक शिपाई. संचालक म्हणजे वाण्याचे दुकान, दूधडेअरी किंवा शाळा सांभाळून महिन्याला एकदा सभेला बसणारी माणसे. दोन भावांचे भांडण त्यांनी जवळून पाहिलेले असते. पहिल्या बायकोची मुले अचानक उगवतात. गावाकडची म्हातारी आईसुद्धा वारस असते, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यात ती पत्नी-मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गात येते, हे घरातल्यांनी सोयीने विसरलेले असते. उद्या लेखापरीक्षकाने शेरा मारला किंवा सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली चौकशी लागली, तर नुकसान संचालकांकडून वैयक्तिक वसूल होऊ शकते. पगार न घेता बसणाऱ्या माणसाने हा धोका का पत्करावा? कायद्यातला ‘रीतसर’ हा शब्द इथे छळतो. रीत कोणती, ते कुठे नीट लिहूनच ठेवलेले नाही. अशा वेळी ‘कोर्टातून आणा’ म्हणणे हा सगळ्यात सुरक्षित मार्ग, आणि सुरक्षित असल्यामुळेच तो सवयीचा झाला.

ही भीती खरी आहे. पण भीतीच्या आडून आणखी एक गोष्ट चालते. अडकलेला पैसा संस्थेच्या कामाचा असतो. मुदत संपलेल्या ठेवीवर ठरलेला दर मिळत नाही, फार तर बचतीचा मिळतो. तोच पैसा कर्जाला लावलेला असतो, आणि कर्जाचे व्याज काही थांबत नाही. मयताच्या नावावर कर्ज असेल तर व्याज आणि दंडव्याज रोज चढते, आणि संस्था त्याच्या ठेवीतून ते वळतेही करून घेऊ शकते. त्यासाठी तिला वारसांची सही लागत नाही. हिशेबाच्या एका बाजूला घड्याळ चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद, अशी रचना असेल तर चांगल्या माणसांनी चालवलेली संस्थासुद्धा हळूहळू आळशी होते. ज्या संस्थेची रोकड आधीच तोकडी आहे, तिला तर प्रत्येक त्रुटी हवीहवीशी वाटते: आज नावात फरक, उद्या जामीनदार सभासदच हवा, परवा संचालक मंडळाची सभा तहकूब. पुण्यातल्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना गेला. या मधल्या काळात स्वतःच्या पैशासाठी तिष्ठत राहिलेले म्हातारे पुण्याने पाहिले आहेत. तिथे निदान शेवटी विम्याचा आधार होता.

नावातल्या फरकाबद्दल थोडे जास्त बोलायला हवे, कारण त्याचा जाच जवळजवळ पूर्णपणे बायकांना होतो. पावतीवर नॉमिनी ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. आपल्याकडे लग्नात बाईचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, कधी पहिलेही बदलून तांदळात लिहितात. वीस वर्षे पिग्मी एजंट याच बाईच्या हातून रोजचे शंभर रुपये घेऊन गेला, तेव्हा तिच्या नावाची अडचण आली नाही. पैसे परत मागताना मात्र ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र लागते. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला. प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, प्रत्येक वारसाचे वेगळे ना-हरकत पत्र अशी मागणी झाली, तर मुद्रांक आणि नोटरीचाच खर्च छोट्या ठेवीच्या वर्षभराच्या व्याजाला भिडतो. पिग्मीच्या खात्यात अकरा हजार शिल्लक असलेली बाई अशा वेळी काय करते? सोडून देते.

सोडून दिलेल्या पैशांचे काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. बँकेत दहा वर्षे कोणी न विचारलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते आणि तिथूनही मागता येते. ‘उद्गम’ पोर्टलवर अनेक बँकांत एकाच वेळी शोध घेता येतो. पतसंस्थांसाठी असा शोध नाही. वडिलांचे खाते कुठल्या पतसंस्थेत होते हे मुलांना माहीत नसेल, कपाटात पावती सापडली नाही, तर ते पैसे कुटुंबाच्या दृष्टीने नाहीतच. पिग्मीच्या खात्यांत हे सहज घडू शकते. दुकानदाराने घरी न सांगता बाजूला टाकलेले ते पैसे असतात. आणि दुकानदार गेला हे एजंटला दुसऱ्या दिवशीच कळते. शटर बंद दिसते. ज्या माणसाला संस्था रोज दारात पाठवत होती, त्याला तेराव्यानंतर एकदा घरी पाठवून ‘यांचे आमच्याकडे इतके आहेत’ एवढे सांगायला लावणे अवघड नाही. हे मला सौजन्य म्हणून नको आहे, नियम म्हणून हवे आहे.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा: लोकांनी नॉमिनेशन नीट केले तर प्रश्नच उरणार नाही. अर्धे खरे आहे. बँकांमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार नॉमिनी देता येतात, तसे पतसंस्थांनीही उत्साहाने करून घ्यावे. दरवर्षी लाभांश देताना नॉमिनीचे नाव एकदा वाचून दाखवावे. पण नियम नीट नसल्याचा दोष मेलेल्या माणसावर टाकणे बरे नव्हे. आणि नॉमिनेशनने सगळे सुटते हेही खरे नाही, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. १९८३ मध्ये विम्याच्या संदर्भात, २०१० मध्ये बँक ठेवींच्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली आहे: नॉमिनीने पैसे स्वीकारायचे, ते वारसाहक्काप्रमाणे वाटले जायचे. म्हणून एका मुलाला नॉमिनी केले आणि त्याने बहिणीला दारात उभे केले नाही, तर भांडण व्हायचे ते होणारच. मात्र ते घरात होईल किंवा न्यायालयात होईल. संस्थेने त्याच्या भीतीने दहा सरळ कुटुंबांना वेठीस धरावे, हे त्यातून निघत नाही.

करायचे काय, तर फार थोडे. राज्य सरकारला कलम ७९अ खाली सहकारी संस्थांना निर्देश देता येतात; पुनर्विकासाच्या निमित्ताने हे कलम पुण्यातल्या सोसायट्यांना तोंडपाठ झाले आहेच. त्याच अधिकारात एक निर्देश काढावा आणि कलम ३० मधली ‘रीत’ लिहून टाकावी. एक ठरावीक अर्ज. एक मर्यादा, सहकारी बँकांइतकी ५ लाखांची म्हणा, जिच्या खाली न्यायालयाचा कागद मागायचाच नाही. वाद असल्याची लेखी हरकत कोणी दिली असेल तरच थांबायचे. पंधरा दिवस, आणि सोळाव्या दिवसापासून संस्थेच्या खर्चाने व्याज. या रीतीने पैसे दिले तर लेखापरीक्षकाने शेरा मारू नये, हेही त्यात स्पष्ट लिहावे; संचालकांची निम्मी भीती तिथेच जाईल. लहान संस्थांना हे झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारतो, की दहा लाखांचे सोनेतारण कर्ज त्या अर्ध्या तासात देतात ना? मूल्यांकन, करारनामा, सह्या, सगळे झेपते.

हे व्हायला मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही. सहकार आयुक्तांचे कार्यालय पुण्यात. सहकाराचे धडे देणारी वैकुंठ मेहता संस्था पुण्यात. (आणि दुसरे वैकुंठ, म्हणजे स्मशानभूमी, नवी पेठेत. या दोन वैकुंठांमधले अंतर चार-पाच किलोमीटर असेल, कागद मात्र ते काही महिन्यांत कापतो.) एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्थांचा निबंधक दिल्लीचा, त्यांचा कायदा वेगळा, आणि त्यात २०२३ च्या दुरुस्तीने निदान सहकारी लोकपाल तरी आला. राज्याच्या कायद्याखालच्या संस्थांना तसलेही काही नाही.

तोवर काउंटरवरून परत आलेल्यांनी तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, अर्जात कलम ३० चा उल्लेख करावा आणि सक्सेशन हवे असेल तर कोणत्या पोटनियमाखाली, ते लेखी मागावे. कित्येक ठिकाणी या एका ओळीने सूर बदलतो. नाही बदलला तर उपनिबंधकांकडे तक्रार, कलम ९१ खाली सहकार न्यायालय, किंवा ग्राहक आयोग. मृत ग्राहकाच्या वारसाला तिथे तक्रारदार होता येते. माहिती अधिकाराचा अर्ज थेट पतसंस्थेला चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर सहकारी संस्था सर्वसाधारणपणे त्या कायद्याबाहेर आहेत. पण निबंधकांच्या दप्तरात असलेली माहिती निबंधकांकडून मागता येते.

आणि ज्यांच्या घरी अजून कोणी गेलेले नाही, त्या सभासदांच्या हातात सप्टेंबर असतो. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेची सुरुवात दिवंगत सभासदांना श्रद्धांजली वाहण्याच्या ठरावाने होते, तो एकमताने मंजूर होतो, आणि मंडळी ताळेबंदाकडे वळतात. तिथे, अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारण्याआधी, उठून विचारावे: या दिवंगतांपैकी किती जणांच्या ठेवी वारसांना दिल्या, किती बाकी आहेत, त्यातल्या सर्वांत जुन्या दाव्याची तारीख काय? उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगावे, आणि पुढच्या वर्षीच्या छापील अहवालात या तीन आकड्यांचा रकाना मागावा.